आम्ही प्रत्येक कमेंट वाचतो

हे वाक्य माझं आहे. आमच्या प्रोजेक्टच्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मी कॅमेऱ्याकडे बघून, मान जराशी तिरकी करून म्हणायचो, "काही अडचण आली तर खाली लिहा. आम्ही प्रत्येक कमेंट वाचतो आणि प्रत्येकाला उत्तर देतो." मान तिरकी करायची अक्कलसुद्धा माझीच. आता ते जुने व्हिडिओ कुठं सुरू झाले की मी आवाज बंद करून टाकतो.

प्रोजेक्ट म्हणजे एक अ‍ॅप. मोबाइलचा कॅमेरा छापील कागदावर धरला की त्यावरचं मराठी ते एका बाईच्या आवाजात मोठ्यानं वाचून दाखवतं. ज्यांना दिसत नाही, कमी दिसतं, त्यांच्यासाठी. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा सगळा कोड उघडा. कोणीही यावं, बघावं, दुरुस्त करावं, फुकट वापरावं. मालक कोणी नाही अन् पगारही कोणाला नाही. कोड लिहिणारे कोणी बंगलोरला, कोणी पुण्याला, एक तर थेट जर्मनीत. मला कोड येत नाही. मी चंद्रपूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि उरलेल्या वेळात प्रोजेक्टचं अधिकृत व्हिडिओ चॅनेल अन् बाकीची सोशल खाती सांभाळतो. 'अधिकृत' हा शब्द मला भारी आवडायचा. मूल शहराच्या पलीकडच्या धानपट्ट्यातल्या एका खेड्यातला पोरगा आणि कशाचा तरी अधिकृत माणूस, वा रे वा!

हे काम मला मिळालं ते आवाजामुळं. कॉलेजात असताना हिवाळाभर मी झाडीपट्टीच्या नाटकांची जाहिरात करायचो. ऑटोवर भोंगा बांधायचा, गावोगाव फिरायचं आणि 'आज रात्री आपल्या गावात' म्हणून घसा फाडायचा. आमच्याकडची नाटकं पहाटेपर्यंत चालतात आणि प्रेक्षक काही गप्प बसत नाहीत. नटाचा आवाज पोचला नाही तर खालून कोणीतरी ओरडतं, "भाऊ, जोरानं बोल!" आणि स्टेजवरचा राजाही आपलं दुःख बाजूला ठेवून जोरानं बोलतो. आई अशी ओरडणाऱ्यांतली पहिली. चादर अंथरून पुढं बसायची आणि नाटक आपल्याच घरचं असल्यासारखी बोलायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही तेव्हा वाटत नसे.

आई गावात एकटी राहते. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचणं असं की पोस्टमननं ऐकत उभं राहावं. आमच्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं, आणि मला कळायला लागल्यापासून ते वाचन आईच करत आली. पांढरं लुगडं, समोर पाट, पाटावर ग्रंथ, भोवती मोहल्ल्यातल्या बाया. शेतात धानाची रोवणी करून कंबर मोडलेल्या बाया ऐकता ऐकता भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या, आणि आई पान उलटताना बरोब्बर त्यांच्याकडे बघायची. ती जागा तिची होती. घर, शेत, मी, सगळं कमीजास्त झालं, पण त्या पाटामागची जागा हलली नाही. ती तिला कोणी देऊ केली नव्हती. ती तिनं वाचून वाचून मिळवली होती.

तर आता लाइव्हचं सांगतो.

अ‍ॅपची नवी आवृत्ती येणार होती आणि चॅनेलवर पहिल्यांदाच लाइव्ह कार्यक्रम ठेवला होता. सूत्रसंचालक कोण? मीच. नवी कोरी गोल रिंगलाईट घेतली, मागं भिंतीवर निळा पडदा लावला, नीळ घातलेला शर्ट घातला. बंगलोरचे मुख्य दादा, पुण्याची एक मुलगी, जर्मनीवाला, सगळे एकेका चौकोनात. मी माझा तो ठेवणीतला आवाज काढला, ज्यात 'नाही'चं 'नाई' होत नाही आणि 'पाणी'चा ण नाकातून नीट उतरतो. गावाकडचा मागमूस नाही. आईला मी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, लाइव्ह बघजो म्हणून.

तिनं बघितलं. आणि बाजूच्या गप्पांच्या खिडकीत, नव्या आवृत्तीचं कौतुक चाललेलं असताना, तिचं वाक्य वर आलं: "सर्वायले जय भीम. बाबू, लाईट लाव ना, तोंड दिसून नाई राह्यलं तुहं."

मी ते वाचलं आणि कानशिलं तापली. कोणीतरी खाली लिहिलं, "बाबू कोण?" आणि हसणारं तोंड टाकलं. पुण्याची मुलगी चौकोनात ओठ दाबून हसली. वाईट नव्हती हसली, आता मला कळतं. तेवढ्यात आईचं दुसरं आलं, "जेवला का? आवाज काऊन असा काढून राह्यला, सर्दी झाली का?"

आता बोला. एवढी लख्ख रिंगलाईट तोंडावर मारलेली, डोळे दिपताहेत माझे, आणि ही म्हणते लाईट लाव! मी मनात आईवर चरफडलो. कॅमेऱ्यासमोर हसू तसंच ठेवलं आणि खालच्या खाली माउस तिच्या नावावर नेला. नावाशेजारी तीन टिंबं असतात. ती दाबली की एक पर्याय येतो: या व्यक्तीला चॅनेलवरून लपवा. शिव्या देणाऱ्यांसाठी, जाहिराती चिकटवणाऱ्यांसाठी ती सोय आहे. ज्याला लपवलं त्याला काहीच कळत नाही. तो लिहीत राहतो, त्याचं लिहिलेलं त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर दिसत राहतं. बाकी जगात कुणालाही, अगदी चॅनेल चालवणाऱ्यालाही, समोर दिसत नाही. मी ते दाबलं. आई गेली. कार्यक्रम छान झाला.

मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं? अधिकृत चॅनेल आहे, घरगुती बोलणं चालत नाही, कार्यक्रम संपला की काढून टाकू. सगळं ठीक. पण खरं ते खरं. मला तिच्या बोलीची लाज वाटली, ती एक वेळ धुऊन निघेल. मला त्या पहिल्या दोन शब्दांची लाज वाटली. चॅनेलवर मी नुसतं नाव लावतो, आडनाव लावत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, छोटं नाव लक्षात राहतं. आईनं एका ओळीत माझं आडनाव, मोहल्ला, सगळं त्या चौकोनांसमोर मांडून ठेवलं, आणि तेही कुणाला नमस्कार करावा इतक्या सहज. ज्या शब्दांनी आजोबांची मान ताठ झाली त्याच शब्दांनी माझी खाली गेली. थू माझ्या जिंदगानीवर.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला परत दिसतं केलं नाही. विसरलो म्हणतो मी. पण क्लासच्या किल्ल्या मी विसरत नाही, मोबाइलचा रिचार्ज विसरत नाही. विसरणं मला सोयीचं होतं एवढंच.

उन्हाळा लागला. आईचा फोन यायचा तेव्हा मी कुठलातरी व्हिडिओ कापत बसलेलो असायचो. एकदा ती म्हणाली, "बाबू, तुह्या त्या अ‍ॅपमधी मले एक विचाराचं होतं."

मी म्हटलं, "आई, प्रोजेक्टचं काही असलं तर चॅनेलवर लिव ना. तिथी आम्ही सगळ्यायले उत्तर देतो. मले इथी एकेकाले सांगाले नाई पुरत."

"बरं," ती म्हणाली. "तिथी लिवते."

म्हणजे बघा, जिथून मी तिला हाकललं होतं तिथंच मी तिला पाठवलं, आणि वर उत्तर मिळेल म्हणून ग्वाही दिली. त्यानंतर तिनं अ‍ॅपचं नाव फोनवर काढलं नाही. मी म्हटलं, चला, समजूतदार आहे.

वर्षावास सुरू होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा मी गावी गेलो. क्लासला सुट्टी होती आणि आईनं बोलावलंही नव्हतं, सहजच. मूलला बस बदलली, गावच्या फाट्यावर उतरलो, बांधावरून चिखल तुडवत घरी आलो तर दाराला कडी. संध्याकाळ झाली होती, म्हणजे विहारात असणार. मी तिकडं निघालो आणि दुरूनच वाचनाचा आवाज आला. आवाज आईचा नव्हता.

पाटामागं शेजारची मावशी बसली होती. एकेक अक्षर लावत, अडखळत वाचत होती. आई मागं, बायांच्या शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली होती. डुलकी घेत नव्हती. मावशी अडली की आईचे ओठ हलायचे आणि पुढचा शब्द आपसूक बाहेर यायचा, हळूच. पान तिच्यासमोर नव्हतंच.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, तू काऊन नाई वाचली?"

"आता किती दिवस मीच वाचू? दुसऱ्यायले नको का?"

"खरं सांग."

तिनं स्टोव्हवर चहा ठेवला. मग म्हणाली, "ओळ सापडत नाई बाबू. एका ओळीवरून दुसरीवर येते त मधात कुठीतरी जाते. दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी एकच ओळ दोनदा वाचली. बाया काई बोलल्या नाई. मीच उठली." मी माझी बॅग दारातून आत सरकवली होती, तिच्या उजव्या हाताला. चहा घेऊन वळताना ती त्या बॅगेला अडखळली. बॅग लाल होती, चांगली पोत्याएवढी. तिला ती दिसली नव्हती.

मी म्हटलं, "कधीपासून असं होऊन राह्यलं? मले सांगतलं काऊन नाई?"

ती अगदी साधेपणानं म्हणाली, "सांगतलं ना. तू म्हणला होता तिथी लिवलं."

आणि तिनं लुगड्याच्या ओच्यातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. मी आमच्या चॅनेलचे व्हिडिओ एकेक उघडत गेलो. प्रत्येकाखाली ती होती. सुरुवातीच्या कमेंटा हसऱ्या होत्या: "हे बाई लय पटपट वाचते, कुठी गाडी पकडाची आहे का तिले?" मग कामाच्या: "हळू वाचाले काय दाबाव लागते? ग्रंथाचं पान आहे, वर्षावास आला." एका व्हिडिओखाली: "उजव्या डोळ्यानं बाजूचं दिसत नाई. दिवा लावला तरी अंधारल्यावानी वाटते. अ‍ॅपचा लाईट वाढवता येते का?" शेवटच्या व्हिडिओखाली नुसतं एवढंच: "जय भीम. उत्तर द्या जी." मला, स्वतःच्या पोराला, ती 'द्या जी' म्हणत होती, कारण ते अधिकृत चॅनेल होतं.

कशाखालीच उत्तर नव्हतं. मी माझ्या मोबाइलवर तेच व्हिडिओ उघडले. तिची एकही ओळ नव्हती. असणार कुठून!

आणि मग मला ती लाइव्हची संध्याकाळ आठवली. लाईट लाव, तोंड दिसून नाई राह्यलं. ती माझी थट्टा करत नव्हती आणि अडाणीपणाही करत नव्हती. एवढ्या झगमगाटातही तिला माझं तोंड अंधारात दिसत होतं. तिचा डोळा तेव्हाच चालला होता, आणि ते तिनं सगळ्यात आधी मलाच सांगितलं होतं. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठीच्या प्रोजेक्टचा अधिकृत माणूस मी!

"तुमच्या लोकायले वेळ नसन," आई म्हणाली. "लय जण लिवत असन ना तिथी?"

मी म्हटलं, "नेटचा प्रॉब्लेम असन, आई. गेलंच नसन वरती." तोंडातून ते इतक्या सफाईनं निघालं की माझीच मला किळस आली. तिनं मान डोलावली आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी तिला चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डोळ्यांत औषध घालून बसवलं, यंत्रावर हनुवटी टेकवून तपासलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मऊ बोलणाऱ्या. काचबिंदू आहे म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं खात येतो. दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. उजव्याचं जे गेलं ते परत येणार नाही. डावा थेंबांवर सांभाळता येईल, पण थेंब एकही दिवस चुकवायचे नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं तर उजवाही बराच वाचला असता. यांनी काही सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "मी त लिवून सांगतलं होतं मॅडम, पण नेट नव्हतं. त्याचा काई दोष नाई. तो लय करते लोकायसाठी."

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या हातात दिला. मला त्या खुर्चीत बसवेना आणि उठवेना. माझं खोटं तिनं उचलून माझ्यावर छत्रीसारखं धरलं होतं. कोणी शिवी दिली असती तर सोसली असती. हे नाही सोसवलं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आई डोळे मिटून बसली होती, हातात थेंबांची पिशवी. मूलचा स्टँड आला, उतरलो, दुसरी बस धरली. एवढ्या वेळात मला दहा जागी सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मी घाबरत होतो, सरळ आहे.

घरी आल्यावर मी तिच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप उघडलं. आवाजाची गती कमी करायची पट्टी तिथंच असते, पहिल्याच पानाखाली. ती मागं ओढली. एक इअरफोन तिच्या कानात घातला, विहारातून ग्रंथ मागून आणला, मोबाइल पानावर धरला. अ‍ॅपमधली ती बाई एकेक वाक्य सावकाश म्हणायला लागली आणि आई ते मागोमाग मोठ्यानं म्हणायला लागली, तिच्या जुन्या आवाजात, पूर्णविरामाशी थांबत. मधे एकदा मावशी दारात येऊन उभी राहिली आणि न बोलता ऐकून गेली.

पान संपल्यावर आईनं इअरफोन काढला. "हे एवढंच होतं का? एक पट्टी सरकवाची?"

"एवढंच."

"मंग मी उद्या बसते वाचाले," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना, आणि माझ्यानं राहवेना.

मी म्हटलं, "आई, नेट चालू होतं. सगळं पोचत होतं. मीच तुले लपवलं होतं. लाइव्हच्या दिवशी तू लिवलं ना, तवा मी तुहं नाव दाबलं अन् बंद करून टाकलं. तवापासून तू जे लिवलं ते फक्त तुह्याच मोबाइलवर दिसे. कोणालेच नाई दिसलं."

तिला ते समजायला वेळ लागला. "म्हणजे मी लिवत राह्यली अन् मीच वाचत राह्यली?"

"हो."

"मी काई वाकडं लिवलं होतं का?"

"नाई."

ती माझ्याकडे बघत होती. डावा डोळा माझ्यावर, उजवा नुसता उघडा. "जय भीम लिवलं म्हणून?"

मी मान खाली घातली. तिनं पाटावरचा ग्रंथ कापडात गुंडाळला, गाठ मारली, गाठ नीट बसली नाही म्हणून सोडली, परत मारली. वाटलं आता उठून जाईल, नाहीतर बोलेल काहीतरी जन्मभर पुरेल असं. मी वाट बघत होतो.

"अन् तुले?" तिनं विचारलं. "तुले त दिसत असन ना माहं लिवलेलं? चॅनेल त तुहंच आहे."

"मलेबी नाई दिसलं आई. एकबी नाई वाचलं मी."

तिनं एकदम मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. "मले वाटे, तू वाचते अन् बोलत नाई."

मी रडलो की काय ते सांगत नाही. थेंबांची वेळ झाली होती. ती भिंतीला टेकली, मान वर केली आणि डोळा उघडा धरला.

"टाक," ती म्हणाली.